उचकी

हॅलिफॅक्सला चढ फार. आणि चढाच्या पायथ्याशी सिग्नल.
सकाळी सहाला, पाळीवर जाताना,
तांबडा लागला की माझी कोर्सा
आधी थरथरते. काटा आठशेवरून पाचशेवर,
पाचशेवरून उगाच हजारावर,
मग एक उचकी. आणि गप्प.

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय.
एकेक नाव घ्यायचं, ज्या नावाला थांबेल ते माणूस.
ही सवय कऱ्हाडहून आली, सामानाचं वजन न वाढवता.
म्हणून मी स्टीअरिंगवर हात ठेवून नावं घेते:
नलूआत्या.
शाळेतली कालिंदी पेंढारकर.
परवा वॉर्डातून घरी गेलेले मिस्टर सट्क्लिफ.
मागून दूधवाल्याची व्हॅन हॉर्न देते.
वसुधा, म्हणते मी, आणि इंजिन बंद पडतं.
दर वेळी वसुधा शेवटीच घेते, हेही खरं.

खर्च करून झाला होता. प्लग बदलले, बॅटरी बदलली,
टाकीत महागडं औषध ओतलं,
थ्रॉटलची काजळी दात घासायच्या ब्रशने मीच काढली.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शेवटी शेजारची डोरीन आली. वय चौऱ्याहत्तर,
त्यातली एकतीस वर्षं बस डेपोत, बसच्या पोटाखाली.
कानातलं ऐकायचं यंत्र काढून तिनं कार्डिगनच्या खिशात टाकलं
आणि त्या जागी लावलं वॉशिंग मशीनच्या जुन्या नळीचं टोक.
दुसरं टोक चालू इंजिनवरून फिरवत राहिली,
मी छातीवर स्टेथोस्कोप फिरवते तसं,
पण माझ्यापेक्षा सावकाश.
"बोलू नकोस," म्हणाली.
मी बोलत नव्हतेच.

मग मागच्या बाजूची एक रबरी नळी
तिनं दोन बोटांत चिमटली.
पडलेल्या ताटलीवर बोट ठेवावं
तशी थरथर थांबली. इंजिन मात्र चालूच.

तडा नळीच्या खालच्या अंगाला. नखाएवढा, तेलकट धुळीनं झाकलेला.
"पुढच्या दारानं येते तेवढीच हवा ही मोजते
आणि त्या हिशेबानं पेट्रोल देते.
ही मागून शिरणारी कुणाच्या वहीतच नाही.
भरधाव असताना खपून जातं," डोरीन बोटं पुसत म्हणाली,
"उभी राहिली की कळतं."

किती दिवसांचं असेल, मी विचारलं.
"दिवस?" ती म्हणाली. "वर्षं म्हण."

नवी नळी साडेअकरा पौंडांची.
डोरीननं पैसे घेतले नाहीत, पोह्यांची बशी घेतली,
मोहरी एकेक वेचून कडेला ठेवली.

आज तोच सिग्नल. तांबडा.
काटा आठशेवर, भिंतीवरच्या पालीसारखा निश्चल.
दूधवाला मागेच आहे, तोही गप्प.
कऱ्हाडला साडेदहा वाजले असतील,
वसुधा दुकानाचं शटर वर करत असेल,
तिच्या एकटीच्या नावावर झालेल्या दुकानाचं.
सह्या झाल्या त्या दिवसापासून मी नुसती धावतेय,
असं काही मी डोरीनला सांगितलेलं नाही.

उचकी नाही, म्हणजे नाव घ्यायला निमित्तही नाही.
हिरवा लागतो.
क्लच सोडायच्या आधी
तरी एकदा घेते.

गाडी बंद पडत नाही.