नाव की दोर

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
सोसायटीचा जुना संगणक आहे,
किबोर्डच्या फटींत मीठ, एफ बसलेला.
त्यावर मी लिहिलेला पर्लचा चाळीस ओळींचा प्रोग्राम चालतो:
कुणाची किती टोपली, डिझेल किती, बाकी किती.

आधी तो फक्त फाइलचं नाव घ्यायचा.
सापडली तर ठीक, नाहीतर डाय.
हिराजी चोगले पाठीमागे उभे.
"हे काय लिहिलंस?"
म्हटलं, उघड, नाहीतर मर.
"तिन्हीसांजेला? बोटी बाहेर असताना?"
मी तो शब्द खोडून वॉर्न लिहिलं.

मुराद होडेकर पेनड्राइव्ह आणतो,
बावीस फाइली, एकीचंही नाव धड नाही.
सुगंधा लिलावातून उठून थेट वर येते,
ओल्या बोटांवर आकडे मोजते. फाइल कसली नि काय!
तिच्यासाठी एक आडवी रेघ ठेवली:
रेघ दिसली की समोर असेल त्याचं ऐकायचं.
आणि कधी दुसराच प्रोग्राम
अर्धी वाचलेली वही उघडीच हातात देतो.

आपल्या भाषेत नाव कागदावरही असतं, पाण्यावरही असते.
चोगले म्हणाले, "धक्क्यावर दोर फेकला
तर तू आधी पाटी वाचतोस काय रे?"

म्हणून आता दारातच बघतो, आलंय ते नाव की दोर.
नाव असेल तर उघडतो.
दोर असेल तर नुसता धरतो.
पुढच्या ओळींना फरक कळत नाही.

एक चूक बरेच दिवस राहिली.
काम झालं की मी सगळंच बंद करायचो,
दुसऱ्याने दिलेलंसुद्धा.
सुगंधाचं पापलेट सांगून झालं, ती सुरमईवर आली,
आणि ऐकणारं कुणी नव्हतं.
तेव्हापासून वरच एक टीप आहे:
जे तू उघडलं नाहीस, ते तू मिटू नकोस.

चोगल्यांच्या धाकट्या भावाचं खातं
तीन पावसाळे उघडंच आहे.
सचिव म्हणतात, मिटवून टाक एकदाचं.
मी फाइलींची नावं बघत बसतो.

आज चुकून काहीच न देता चालवला.
कर्सर लुकलुकतोय. अडकला म्हणून चोगले उठायला लागले.
म्हटलं, बसा, अडकला नाही,
ऐकतोय.
खाली कुणीतरी बर्फ फोडत होतं.