तेवढीच मूठ

गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत
रक्त तपासणारी नर्स येते.
वीब्रेन बोट पुढे करतो,
इंजिनातलं तेल बघताना करायचा
तसाच चेहरा करून.
थेंब. पट्टी. आकडा.
चार पूर्णांक सहा.
"फारच पातळ झालंय की रक्त.
काय खाल्लं नाहीत या आठवड्यात?"

उत्तर मी देते:
मेंढ्या शिरल्या वाफ्यात.
शेजारच्या श्यूर्डच्या, सात,
कुरळ्या केलचं एकूण एक पान
देठापर्यंत खाऊन गेल्या.
सहा दिवस याच्या ताटात हिरवं काही नाही.
नर्स हसली नाही.
वहीत लिहून घेतलं: मेंढ्या.

*

आमचं गाव समुद्राच्या पातळीखाली.
अडतीस वर्षं पंपघर सांभाळलं यानं.
कालव्यात पाणी किती चढलं,
डिझेलचं इंजिन कसं बोलतंय,
झोपेतसुद्धा कान तिकडे.
एक ठोका इकडचा तिकडे झाला
की अंधारात लाकडी बूट चाचपत निघायचा.

आणि स्वतःचं बिघडलं तेव्हा
बटाटे सोलत बसला होता.
काळजाचा ठोका चुकायला
काहीतरी भयंकर घडावं लागतं म्हणतात.
काहीच घडलं नव्हतं.
सुरी खाली ठेवली, मनगट धरलं,
म्हणाला, चित्स्क,
हे इंजिन माझ्या ओळखीचं नाही.

*

लेउवार्डनच्या इस्पितळात झोपवून
विजेचा झटका दिला.
ठोके सरळ झाले. आम्ही केक खाल्ला.
अकरा आठवडे.
मग पुन्हा तेच,
फाटक्या पिशवीतून बटाटे सांडावेत तसे.
"राहू दे," डॉक्टर होदान म्हणाली,
"वेग आवरू, गुठळी होऊ द्यायची नाही.
एवढं जमलं तरी पुष्कळ."
वेगासाठी सकाळी अर्धी गोळी,
गुठळीसाठी रात्री,
कॅलेंडरच्या चौकटीत लिहिल्यात तेवढ्या:
आज दोन, उद्या तीन.

माझ्या बहिणीनं खोकं पाठवलं.
माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, मॅग्नेशियम,
कुठल्याशा मुळीची पूड.
होदाननं एकेक बाटली उजेडात धरली.
तेल नको म्हणाली.
पूड तिनं स्वतःच कचऱ्यात टाकली.
मॅग्नेशियम, आधी रक्त तपासून, ठेवलं.
आणि मग सहज विचारावं तसं:
"ज्येष्ठमध?"
वीब्रेन खिडकीबाहेर बघू लागला.

त्या काळ्या, खारट गोळ्या.
दिवसाला अर्धी पिशवी,
पंपघरातल्या रात्रपाळीची सवय.
त्यांनीच अंगातलं पोटॅशियम
थेंबथेंब उपसून नेलं होतं.
दर शनिवारी मीच आणायचे,
प्रेमानं, दोन-दोन पिशव्या.

*

केल सोडू का, मी तेव्हा विचारलं होतं.
सोडू नका. वाढवूही नका.
रोज तेवढीच.
हृदय हिशेब विसरलंय,
निदान ताटानं तरी विसरू नये.
तेव्हापासून पत्रं तोलायच्या काट्यावर
मी नवऱ्याची भाजी तोलते.

रात्री त्याच्या पाठीला कान लावते.
पूर्वी मोजायचे.
तीन, मग एक,
मग दार उघडून कुणी
उंबऱ्यावरच थांबल्यासारखं,
मग चार, धावत.
आता मोजता मोजता मधेच
माझा डोळा लागतो.
पंपाच्या आवाजात लागायचा की.

*

शनिवारी श्यूर्ड आला, टोपी हातात,
मेंढ्यांच्या वतीनं माफी मागायला
आणि पाठीवर पोतंभर केल.
हिम लागून गोड झालेली.
वीब्रेननं पोत्यात नाक खुपसलं,
बराच वेळ काढलं नाही.
मग माझ्याकडे बघितलं,
रात्री उशिरा घरी आलेलं पोर बघतं तसं.

मी काटा काढला.
ऐंशी ग्रॅम.
थोडी खारवून बरणीत.
बाकीचं पोतं
कुंपणापलीकडे,
त्याच सात जणींना.