भिंतीसाठी

हरेश्वर तांडेल पेनड्राइव्ह टेबलावर ठेवतो,
दोन पिशव्यांत गुंडाळलेला, खारी हवा लागू नये म्हणून.
"आयचा फोटू हाय. काला-ढवला करून दे."
मी म्हणते, का? इतका छान रंगीत आहे.
तो पंख्याकडे बघत राहतो.
"भितीवर सगली काली-ढवली हान.
बा, आजा, आजी, बुरालेला काका.
आय एकटीच रंगीत. पावनी वाटते."

पावनी.
प्रभादेवीच्या या गल्लीत, झेरॉक्स मशीनच्या मागे,
सतरा वर्षं मी चेहरे दुरुस्त करते,
व्हिसासाठी कान मोकळे करते, स्थळांसाठी मुरमं पुसते.
घरच्या भिंतीत बसत नाही म्हणून
कुणाचे रंग काढायला कुणी आलं नव्हतं.

फोटो उघडतो.
नारळी पुनवेचा, वरळीच्या धक्क्यावरचा.
मागे निळं पिंप, त्याहून निळी ताडपत्री,
सी लिंकचा एक तुकडा.
पोपटी लुगडं, गळ्यात सोनं,
हातात अर्धी खाल्लेली करंजी
आणि कपाळावर
रुपयाएवढं लाल.

एकच बटण दाबूनही होतं हे.
नवशिकी पोरं तेच दाबतात. रंग एका दमात जातात
आणि ओहोटीनंतर उरतो तसा चिखल उरतो.
त्या चिखलात पोपटी आणि लाल एकाच राखाडीचे,
लुगडं कुठलं नि कुंकू कुठलं कळत नाही.
मी वर एक पदर चढवते.
त्याला लेयर म्हणतात. मी पदरच म्हणते.
रंग खाली जागच्या जागी,
फक्त झाकलेले.

मग एकेक पट्टी सरकवायची.
निळी उतरवली, पिंप काळोखात गेलं,
ताडपत्रीची रात्र झाली.
पिवळी चढवली, सोनं पेटलं, करंजीचा पापुद्राही.
हिरवी जराशी, लुगड्याच्या निऱ्या सुट्या झाल्या.
राहिली लाल.

लाल उजवीकडे नेली की चेहरा तरुण होतो,
वांग जातात, उन्हातली चाळीस वर्षं जातात
आणि कुंकूही जातं. कपाळ कोरं.
डावीकडे आणली की कुंकू परत येतं, काळं, ठसठशीत,
पण सोबत वांग येतात, सुरकुत्या येतात,
कोयत्याने चिरलेला अंगठा येतो.

"बा कधी गेले?"
"फोटूच्या आदी. सहा वरसा."
पंखा कुरकुरतो.
"तरी लावाची. कोन बोलला त सांगाची,
माजा कपाल हाय."
तो हसतो. मग हसायचा थांबतो.
"मोठी आत बोलते, भितीवर नको दिसाला."

मी माउस त्याच्याकडे सरकवते.
जाळी विणून राठ झालेली मूठ,
तिच्यात माउस चिंबोरीच्या पिल्लाएवढा.
तो लाल पट्टी उजवीकडे नेतो.
आई कोरी होते, गोरी होते,
कुणाचीही आई होते.
बाहेर कुणी आधारकार्डाच्या दोन प्रती मागतं, दोन्ही बाजू.
तो पट्टी डावीकडे आणतो. अजून डावीकडे.
मी म्हणते, पुरे, चेहरा काळवंडेल.
"कालीच व्हती," तो म्हणतो.

आमच्या प्रिंटरला नुसतं काळं पुरत नाही.
काळं करायला तो थोडं निळं घेतो, थोडं पिवळं,
थोडं किरमिजी,
आणि किरमिजी दरवेळी किंचित जास्त सांडतं.
ट्यूबलाइटखाली दिसत नाही. उन्हात कळतं.
एरवी मी तो कागद फाडते, सुधारून दुसरा काढते.
आज तसाच लॅमिनेशनला लावते.
एकशे वीस रुपये. नोटांना बर्फाचा ओलावा.

दारात तो फोटो उन्हाकडे तिरका धरतो,
बराच वेळ.
मी कीबोर्डवरची धूळ झटकते, नको असताना.
"करंजी कलते," तो म्हणतो,
"अर्दी खाल्लेली."