पोच

सर्व्हरचं बिल पाच तारखेला येतं,
डॉलरमध्ये, आणि कुणासाठी थांबत नाही.
अनगोळला गिरणीवरच्या खोलीत
आम्ही दोघं, मी आणि यल्लोजी मुतगेकर.
खाली मिरची दळायला आली
की वर आमच्या शिंका.

काम एवढंच:
कानडीतला कागद आला की फोटो पाठवा,
मराठीत अर्थ परत.
पहाणी, लाईट बिल, पंचायतीची नोटीस,
कोर्टाचं समन्स, दवाखान्याची चिठ्ठी.
ॲपवर लिहिलंय, यंत्र वाचतं.
वाचतं खरं,
पण तलाठ्याचं अक्षर आलं
की रात्री एक वाजता मीच वाचते.

आठ हजार माणसं वापरतात.
पैसे भरायचं बटण होतं कोपऱ्यात,
यल्लोजीनं लाजून लाजून इतकं बारीक केलेलं
की एकदा त्यालाच सापडेना.

नोव्हेंबरात हिशोब मांडला.
माझी आरडी मोडून झाली होती,
त्याची गाडी विकून झाली होती.
दोन्ही भाषांत चार ओळी लिहिल्या:
पुढच्या पाच तारखेला बंद करतोय,
आपापले कागद उतरवून घ्या.
पैसे मागितले नव्हते.
खाली फक्त यल्लोजीचा नंबर होता.

दुसऱ्या सकाळी फोन टुणटुणायला लागला.
एकवीस रुपये. एक्कावन्न.
निपाणीहून एकशे दहा:
'वखारीतल्या अकरा जणींचे, नावं मागनं कळवते.'
वडगावच्या एका मागवाल्याचे तीनशे,
सोबत तक्रार:
'बक्षीसपत्राचं तुम्ही खरेदीपत्र केलेलं,
वकिलापुढं शोभा झाली माझी.
पैसे घ्या, पण आधी ते नीट करा.'
खानापूरकडचे गुंडू चापगावकर
रेंजसाठी टेकडी चढले, दहा रुपये पाठवले,
पोचले का विचारायला परत चढले.
एकानं एक रुपया टाकला,
नंबर बरोबर आहे का बघायला म्हणाला,
नंतर काहीच नाही.
तोही वहीत धरलाय.

मग बैलहोंगलहून बसव्वा होसमनींचा फोन, कानडीतून.
मला वाटलं, चुकून लागला असेल,
यांना आमचं काय काम?
म्हणाल्या, सून चंदगडची. बाळंतपणाला गेलीय.
तिचे मेसेज मराठीत.
मी तुमचं ते उलटं चालवते.
(उलटं चालतं, हे आम्हालाच माहीत नव्हतं.)
'तुमच्या यंत्रानं बाळाच्या जावळाचं जाळं केलं,
दोन दिवस पोटात गोळा माझ्या.'
पाचशे पाठवले.
विचारलं, कशाखाली लिहू?
'काणिके,' म्हणाल्या. देवापुढं ठेवतात ते.
अहो, देव नव्हं आम्ही, बिल थकलेली माणसं.
त्या हसल्या: 'देवालाही लाईट बिल येतंच की.'

वहीत तो रकाना रिकामाच.
यल्लोजी म्हणतो, वर्गणी.
वखारीतल्या बायका पट्टी म्हणतात.
मागवाला तर ॲडव्हान्स समजतो.
देणगी लिहावं तर आम्ही खाली बसतो,
फी लिहावी तर ती माणसं.
इतक्या कागदांचे अर्थ लावले,
हा एक शब्द लागेना.

चार तारखेच्या रात्री बेरीज केली,
चारशे कमी.
जिन्यावर पावलं वाजली. गिरणीवाला कल्लाप्पा,
भुवयांवर पीठ, भाडं मागायलाच आलेला.
वही उघडी होती. उभ्या उभ्या वाचली,
एक रुपयापाशी थांबला.
'भाडं पुढच्या महिन्यात बघू,' म्हणाला,
आणि खिशातून घडी काढली:
'परवान्याची नोटीस आलीया,
तेवढी वाचून द्या.'

यल्लोजीनं हेडफोन विकला.
बिल गेलं. एका महिन्याचं.
पुढच्या पाच तारखेचं माहीत नाही.

आज सहा. बसून पोच लिहितेय,
एकेकाला, हातानं.
गुंडूकाका, तुमचे दहा रुपये पोचले.
पाठवलं, आणि मग लक्षात आलं,
एवढं वाचायला
ते परत टेकडी चढणार.