हरकत

नोटीस जिन्याखाली, मीटरच्या पेटीवर,
खळ अजून ओली.
घोडेरावांनी चष्मा कपाळावर सारून मोठ्यानं वाचली:
'तीस दिवसांत हरकती व सूचना लेखी स्वरूपात...'
आणि आम्ही हसलो.
हरकत हा शब्द आमच्याकडे
कधी एकटा आलाच नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही? हरकत नाही.
गच्चीचा पत्रा कालव्यात गेला? हरकत नाही, येतील बघायला.
साहेब आले, न बघता गेले,
त्यालाही.

द्रौपदा ओव्हाळनं नातवाच्या वहीतलं पान फाडलं.
अडतीस वर्षं दत्तवाडीच्या आरोग्य कोठीवर
पहाटे सहाला अंगठा उठवलेली बाई.
म्हणाली, लिही. पहिलंच वाक्य: हरकत आहे.
पुढचं मग सुचेल.

एकसारख्या छापील हरकती एकच धरतात,
असं नौशाद झेरॉक्सवाल्यानं ऐकलं होतं कुठंतरी.
म्हणून एकशे बारा खोल्या, एकशे बारा अक्षरं.
कुणी लिहिलं, आईसाठी उतरण बांधलीय स्वखर्चानं.
कुणी, रात्रपाळी, दवाखाना, चालत सात मिनिटं.
तळमजल्याच्या बबननं फक्त 'कबुतरं' लिहिलं
आणि खाली दिनांक.

मग बिल्डरचा माणूस आला, गुळगुळीत कागद घेऊन.
चारशे पन्नास फूट. तुमच्या नावावर. मालकी.
त्या शब्दानं बैठक गप्प झाली,
पोरं उगाच ओरडा खाऊन बाहेर गेली.

दारात रेणुका चंदनशिवे उभी होती.
वॉर्ड आमचाच, झाडू आमचाच, कागद कंत्राटी.
डोंगरउताराला पत्र्याची खोली, साडेचार हजार भाडं,
आणि वीज शेजाऱ्याच्या मर्जीनं.
तिनं विचारलं, भांडण काढायच्या सुरात नव्हे,
बसचा नंबर विचारावा तसं:
तुम्ही सगळे मालक झालात
की मी अर्ज कुठं टाकू?

कागदाची मागची बाजू कोरी होती. 'सूचना'.
तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.
रात्री दीडपर्यंत आम्ही ती भरली:
पाडू नका. दुरुस्त करा.
मागं गंजलेल्या घंटागाड्या पडल्यात,
तिथं आणखी दोन इमारती बांधा.
घरं महापालिकेची, भाडं परवडेल असं,
विकायची नाहीत, आम्हालाही नाहीत.
प्रतीक्षा यादी भिंतीवर लावा,
वाचता येईल एवढ्या उंचीवर.

घोडेरावांनी पुढच्या बाजूला सही केली.
मागं नाही.
मुलाचं लग्न एका शब्दावर अडलंय, म्हणाले,
आणि तो शब्द तुम्ही आत्ताच खोडलात.
खोटं नव्हतं ते.
तरी गठ्ठा उचलायला तेच आले, पिशवी त्यांचीच.

आवक-जावकच्या खिडकीत
पहिल्या कागदावर शिक्का फिकट उमटला.
तारीख दिसेना.
चालेल, क्लार्क म्हणाला, हरकत नाही.

आहे, द्रौपदा म्हणाली.
पुन्हा मारा.