इतरत्र समाविष्ट

महापे, तिसरा मजला, खिडकीपासून लांब.
माझ्याकडे दोन देश आहेत.
नावं बाहेर सांगायची नाहीत असा करार आहे,
म्हणून एकाला मी थंडोबा म्हणते,
दुसऱ्याला चिखल्या.
दोघंही दरवर्षी आपली वही पाठवतात:
किती गुरं, किती भट्ट्या, किती दलदल,
वर किती धूर गेला, झाडांनी किती गिळला.
माझं काम त्या शेजारी शेजारी लावणं,
नव्वद सालापासून
कोण किती हललं ते बघणं.

थंडोबाचं जंगल दोन हजार सहा साली
एका रात्रीत दीडपट झालं.
लागवड नाही, काही नाही.
तीन दिवस शोधल्यावर तळटीप सापडली:
पूर्वी पाच मीटर उंच ते झाड,
यापुढे दोन मीटरचंही चालेल.
आणि नवा नियम मागेही लागू,
थेट नव्वदपर्यंत.
म्हणजे तेव्हा झुडूप म्हणून तोडलेलं काहीतरी
आता वृक्ष म्हणून तोडलं गेलं.

याला पुनर्गणना म्हणतात.
भूतकाळ दर एप्रिलला बदलतो
आणि आम्ही तो महिनाअखेरीच्या आत उतरवून घेतो.

चिखल्या प्रामाणिक असावा, किंवा आळशी.
त्याचे निम्मे रकाने रिकामे.
रिकामं म्हणजे नुसतं रिकामं नसतं इथे:
घडत नाही.
अंदाज केला नाही.
गोपनीय.
इतरत्र समाविष्ट.
नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावते,
शून्य लिहू नका.
शून्य ही माहिती असते.

घणसोलीला घरी पोचते तेव्हा
आय मोरीत मांदेली साफ करत असते.
"तुज्या दोगांचा भांडन हाय कं?"
भांडण नाही गं, तुलना.
"मंग जिकला कोन?"
अजून ठरलं नाही. व्याख्या बदलतायत.
वाटलं होतं हसेल. हसली नाही.
व्याख्या बदलणं तिला माझ्याआधीपासून माहीत आहे.

आमच्या कागदावर आधी मिठागर होतं.
मग खाजण. मग पडीक.
मग सेक्टर.
आणि बाप, पोशा राघो, आधी कूळ,
मग प्रकल्पग्रस्त, मग लाभार्थी,
साडेबारा टक्क्यांच्या यादीत अनुक्रमांक चारशे सात.
माणूस तोच, हातातलं फावडं तेच,
टाचांच्या भेगांत मीठ तेच.

काही आगरं मात्र सेक्टरही झाली नाहीत.
बांध फुटला, तो बांधायला कोणी गेलं नाही,
उघाडीच्या फळ्या कुजल्या,
भरतीचं पाणी आत आलं आणि मागोमाग तिवरं.
आज तिथे कंबरेपेक्षा उंच खारफुटी आहे,
संरक्षित असल्याची पाटी आहे, जाळी आहे.
कुठल्यातरी वहीत ती वाढ म्हणून लागली असेल,
अधिक चिन्हासकट.
खोटं कसं म्हणू?
निवट्या खरंच उड्या मारतात तिथे,
ओहोटीला चिंबोऱ्या खरंच चालतात
बाप जिथे मिठाच्या राशी लावायचा त्याच चिखलावरून.

"पन आपला आगर कनच्या रकान्यान टाकला?"
आयने विचारलं, मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी चिखल्याच्या वहीत
पाणथळीची वस्ती झाली त्या ओळीवर थांबले.
तीस वर्षं, तीस खाने,
सगळ्यांत तेच दोन शब्द.
मी नियमात बसेल असं पत्र लिहिलं:
कृपया इतरत्र म्हणजे कुठे ते कळवावे.

अकरा दिवसांनी उत्तर आलं.
खाली कुणा अधिकाऱ्याची सही, नाव वाचता येईना.
बारकाईने पाहिल्याबद्दल आभार.
हा प्रश्न आम्हालाही पडला आहे.
पुढच्या वर्षी सुधारणा करण्याचा विचार आहे.

मी ते छापून घेतलं, का ते माहीत नाही,
आणि घरी नेलं.
आयने ओले हात पदराला पुसून कागद धरला,
उलटा धरला, सुलटा केला, फ्रिजवर ठेवला.
मग मांदेलीला मीठ चोळायला बसली.
पिशवीतलं मीठ,
बारीक, पांढरंशुभ्र,
कच्छहून आलेलं.