लाल दिवा

रूथबाई उजगरे नगरला लेकीकडे निघाल्या
तेव्हा टेम्पोत जागा उरली नाही
म्हणून कुंडी माझ्या हातात आली.
"काटे नाहीत याला. वाळवंटातलाही नाही हा निवडुंग,
जंगलात झाडांच्या खांद्यावर राहणारी जात.
रोज पाणी घालाल तर कुजेल, विसराल तर सुरकुतेल.
मातीत बोट घाला. बोटाला कळतं."
आणि जिन्यात वळून, टेम्पोच्या हॉर्नवर आवाज चढवून :
"दसरा झाला की रात्री पुरता अंधार द्या. चौदा तास.
नाताळात फुलेल."

रास्ता पेठेत अंधार मागायचा कुणाकडे?
समोरच्या मेडिकलची हिरवी फुली रात्रभर जागी,
गल्लीत पालिकेचे नवे पांढरे दिवे,
मांडवाची एक माळ उतरवायची राहिलेली.

पण माझ्याकडे होता.
सहा बाय सात, स्टुडिओच्या मागे,
दाराच्या फटीला काळं फलालीन मीच ठोकलेलं.
चौतीस वर्षं तिथं मी पुण्यातली लग्नं धुऊन काढली.
हायपोचा वास अजून भिंतीत आहे.

रोज संध्याकाळी पाचला कुंडी आत,
सकाळी सातला बाहेर, पूर्वेच्या खिडकीत,
जाळीच्या पडद्यामागं.
इस्त्रीवाला बाळकृष्ण विचारायचा,
"काका, झोपलं का पोर?"

पोर झोपायचं. मला झोप नव्हती.
मी उठून बघायला जायचो.
पांढरा दिवा नाही हं, तेवढं कळतं मला.
लाल लावायचो. तोच जुना, पंधरा वॅटचा,
ज्याच्या उजेडात एक कागद कधी खराब झाला नाही.
चपट्या फांद्या, खेकड्याच्या नांग्यांसारख्या,
आणि स्टुलावर मी,
ट्रेमध्ये चेहरा उमटायची वाट बघावी तसा,
ओठांत आकडे मोजत.

नाताळ आला. नाताळ गेला.
कळी नाही.

फोनवर रूथबाईंनी पाणी विचारलं, माती, खिडकी, खत.
मग गप्प झाल्या.
"रात्री दिवा लावता का?"
"लाल लावतो. लाल चालतो."
"तुमच्या कागदाला चालत असेल.
झाडाला लालच आधी दिसतो, त्याला वाटतं उजाडलं."
ससूनमध्ये जन्मभर रात्रपाळ्या केलेली बाई.
कुणाला कधी उठवू नये, तिला ठाऊक असणार.

होल्डरमधून बल्ब काढला.
कापसात गुंडाळून डब्यात ठेवला, का ते माहीत नाही.

पुढच्या दसऱ्यापासून मी आत जायचो ते नुसता हात घेऊन.
दार लावायचो, थांबायचो.
फांदी कुठं सुरू होते, कुठं जोड आहे,
टोकाशी कुठं नुसतीच लव.
नोव्हेंबरच्या एका रात्री
टोकाला काहीतरी लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढं.
काल नव्हतं.
पुन्हा चाचपलं. होतं.

अकरा झाल्या. मग खिडकीतच राहू दिली कुंडी,
आणि मागच्या बाजूलाही ऊन मिळावं म्हणून
एका सकाळी फिरवली.
सात गळल्या.
कळ्या धरल्यावर तोंड फिरवायचं नसतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलंही असेल. टेम्पो हॉर्न वाजवत होता.

एकोणतीस डिसेंबरला, नाताळ शिळा झाल्यावर,
पहिलं उघडलं. थंडी नऊ अंशांवर.
फुलातून फूल निघाल्यासारखं,
राणी रंगाचं, धीट, खाली मान घालून.
रंगीत रोल मी लॅबला पाठवायचो.
माझ्या खोलीत रंग कधी उमटलाच नव्हता.

"किती आली?" रूथबाई.
"चार."
"बरी आली की. फोटो पाठवा."

बाळकृष्णाला हाक मारली. त्याचा मोबाइल,
माझा हात, इस्त्रीच्या कोळशाचा वास.
पहिला हलला.
दुसराही थोडा हललाय.
पाठव म्हटलं.